घराचं संग्रहालय झालं, तिथे दुकान हवं का?

जास्वंद_गिरगाव · शनिवार, रात्री ९:४०

कुणाचं राहतं घर संग्रहालय झालं की तिथे विक्रीचं काउंटर असावं की नसावं, यावरून आमच्या घरात दोन तट पडलेत. निमित्त मणिभवनचं. आई, मी आणि नववीतली भाची जाऊन आलो.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी : गावदेवीत लॅबर्नम रोडवरचं हे घर रेवाशंकर जगजीवन झवेरींचं. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की मुक्काम इथे. १९५५ मध्ये गांधी स्मारक निधीने घर घेतलं आणि जपलं. खाली ग्रंथालय आहे, वर फोटो, आणि दुसऱ्या मजल्यावर काचेपलीकडे त्यांची खोली. गादी, लोड, चरखे, बस्स. शेजारी छोट्या बाहुल्या मांडून आयुष्यातले प्रसंग दाखवलेत. भाची सगळ्यात जास्त वेळ थांबली ती हिटलरला लिहिलेल्या पत्राच्या प्रतीपाशी. २३ जुलै १९३९. "याला मित्र का म्हटलंय?" हा तिचा प्रश्न टॅक्सीत बसेपर्यंत चालू होता. दुसरा प्रश्न, "इथे स्वयंपाक कोण करायचं?" त्यावर आईसुद्धा गप्प झाली.

निघताना आईने तिला आत्मकथेची प्रत घेऊन दिली. घरी आल्यावर भाऊ म्हणाला, ज्या माणसाने स्वतःजवळ काही ठेवलं नाही त्याच्या घरात गल्ला कशाला? देवघरात कुणी दुकान मांडतं का? आईचं म्हणणं, पुस्तक घरात आलं म्हणून तरी पोर ते उघडेल.

मला दोघांचंही पटतंय, म्हणून इथे विचारते. तुम्हाला काय वाटतं? आणि मुंबईत किंवा मुंबईहून जाऊन येण्याजोगी अशी आणखी कुठली घरं आहेत, तेही सांगा. सुट्टीत भाचीला न्यायचं आहे.

---

ठाणे_खाडी · शनिवार, रात्री ९:५८

दुकान हवंच. मुलांच्या हातात काहीतरी यायला पाहिजे, नाहीतर सोमवारी शाळेत काय दाखवणार?

---

परळ_नाका · शनिवार, रात्री १०:२५

माझं मत तुमच्या भावाच्या बाजूने. दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृहाला जाऊन या, मग कळेल. बाबासाहेबांनी ते घर बांधलं ते मुख्यतः पुस्तकांसाठी. पन्नास हजारांवर ग्रंथ. माणसं राहायला घर बांधतात, यांनी ग्रंथांना राहायला बांधलं आणि स्वतः त्यांच्यासोबत राहिले. तळमजल्यावर त्यांच्या वस्तू पाहायला मिळतात, वर आजही कुटुंब राहतं. ७ डिसेंबर १९५६ ची अंत्ययात्रा याच घरापासून निघाली. माझे आजोबा त्या गर्दीत होते.

तिथे उभं राहिलं की बोलणंसुद्धा नकोसं होतं. अशा जागी "हे कितीला?" हा आवाज यावा असं मला अजिबात वाटत नाही. २०२० च्या जुलैत तिथल्या कुंड्या आणि काचा फोडल्या गेल्या तेव्हा आमच्या चाळीत रात्रभर कुणाला झोप नव्हती. घराबद्दल लोकांचं जे वाटणं आहे ते तेवढं खोल आहे.

---

मीठागर · शनिवार, रात्री ११:१०

परळ_नाका, तुमच्या भावनेला हात लावत नाही, पण एक विचारतो. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला येणारा माणूस परत जाताना काय घेऊन जातो? पुस्तकं. शिवाजी पार्कवर पुस्तकांचे स्टॉल लागतात आणि मराठवाडा-विदर्भातून आलेली माणसं, जेमतेम परतीच्या तिकिटाचे पैसे बाजूला ठेवून, पिशव्या भरून ग्रंथ नेतात. तिथेही "हे कितीला?" हाच आवाज दिवसभर असतो. मला तो फार मोलाचा वाटतो. ज्यांनी पुस्तकांसाठी घर बांधलं, त्यांच्या नावाने पुस्तक विकलं जाण्यात कमीपणा कसला?

---

परळ_नाका · शनिवार, रात्री ११:३४

शिवाजी पार्क मैदान आहे, राजगृह घर आहे. मैदानात बाजार शोभतो. घरात नाही. पुस्तकांना माझा विरोध नाही, जागेला आहे.

---

आजोळ_वेंगुर्ला · रविवार, सकाळी ८:०५

मोठा प्रतिसाद आहे, चहा घेऊन बसा.

तुम्ही सावंतवाडीच्या राजवाड्याला जा. मुंबईहून कोकण रेल्वेने रात्री निघालात की सकाळी पोहोचता. मोती तलावाच्या काठावरच आहे. खेमसावंत भोसल्यांचं घराणं, वाडा अठराव्या शतकातला. पण मी जा म्हणतोय ते सिंहासन आणि जुने फोटो बघायला नाही. दरबार हॉलमध्ये गंजिफा रंगवणारे कारागीर बसतात, ते बघायला.

गंजिफा म्हणजे गोल पत्ते. दशावतारी गंजिफाचा एक संच १२० पानांचा. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं : राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शापर्यंत. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवं, असं मोजायचं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे काम जवळजवळ संपलं होतं. जाणकार चितारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही उरले नव्हते. याच घराण्यातले शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी या दोघांनी १९७० च्या दशकात एका वृद्ध चिताऱ्याकडून ही कला समजून घेतली, स्वतः ब्रश हातात धरला आणि गावातल्या मुलामुलींना शिकवून वाड्यातच काम सुरू केलं.

मी लहानपणी आजीबरोबर गेलो तेव्हा खिडकीजवळ एक बाई रंगवत बसल्या होत्या. डाव्या हाताच्या अंगठ्याखाली पान, ते रुपयाच्या जुन्या नाण्यापेक्षा थोडंच मोठं. उजव्या हातात दोन-चार केसांचा म्हणावा इतका बारीक ब्रश. वामनाची छत्री काढत होत्या. आधी लाल जमीन सुकवलेली, तिच्यावर पिवळं, मग काळी रेघ. रेघ ओढताना त्यांनी श्वास रोखला आणि ओढून झाल्यावर सोडला. आजीने विचारलं, चुकलं तर? त्या म्हणाल्या, पान बाजूला ठेवायचं, पुसायचं नाही. मी तोपर्यंत पत्ते म्हणजे छापायची गोष्ट समजत होतो.

बाहेर येताना तेच काम विकायला ठेवलेलं. पत्ते, लाखकामाचे पाट, डब्या. आता सांगा, हे दुकान काढून टाकलं तर त्या बाईंचं काम कशावर चालणार? घराण्याच्या वस्तू काचेत ठेवून वाडा जगला नसता. वाड्यात जे केलं जातं ते विकलं गेलं, म्हणून वाडा नुसता बघण्याचा राहिला नाही.

माझं सरळ मत : दुकानात काय आहे यावर सगळं आहे. त्या घरात जे घडलं किंवा घडतंय ते तिथे मिळत असेल तर दुकान हवं. घाऊक बाजारातून आणलेली चावीची साखळी असेल तर नको.

---

ठाणे_खाडी · रविवार, सकाळी ८:३१

+१ शेवटच्या परिच्छेदाला. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळंही घ्या, पांगाऱ्याच्या लाकडाची. आमच्याकडची वांगी पाहुणे चिरायला घेतात.

---

सांताक्रूझ_पूर्व · रविवार, सकाळी ९:१५

वेंगुर्लेकर, छान लिहिलंत. पण राजेरजवाड्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्याकडे जागा होती, नाव होतं. तिथे आता राहायची हॉटेलसारखी सोयही झाली आहे. साध्या माणसाचं घर असं टिकत नाही, आणि खरं तर तेच टिकायला हवं. गिरणी कामगाराची दहा बाय दहाची खोली, तिथली मोरी, माळा, रॉकेलचा स्टोव्ह, खानावळ चालवणारी बाई. ते कुठे बघायचं?

---

जास्वंद_गिरगाव · रविवार, सकाळी ९:४८

सांताक्रूझ, अगदी. भाचीचा स्वयंपाकाचा प्रश्न तिथेच जातो. थोर माणसाचं टेबल, चष्मा, पादुका सगळीकडे ठेवतात. घर चालवणारीचं काहीच नसतं.

---

मीठागर · रविवार, सकाळी १०:२०

भाचीला एक सांगा. १९१९ च्या सुरुवातीला गांधीजी फार आजारी होते, शस्त्रक्रिया झालेली. दूध न पिण्याचं व्रत होतं आणि डॉक्टर दूध घ्या म्हणत होते. तेव्हा कस्तुरबांनी वाट काढली : व्रत घेताना तुमच्या मनात गाय आणि म्हैस होती, शेळीचं दूध घ्यायला काय हरकत? पुढचं शेळीचं दूध जगाला माहीत आहे, ते बांच्या या वाक्यातून आलं. म्हणजे घर चालवणारी होती, आणि नवऱ्याचा जीव तिने वाचवला.

आता गल्ल्याबद्दल. त्याच आजारपणानंतर रेवाशंकरभाईंच्या घरी सूत कातायला सुरुवात झाली, पण पेळू, म्हणजे कातायला लागणाऱ्या पिंजलेल्या कापसाच्या वळ्या, मिळेनात. रोज एक पिंजारी धनुकलीचा आवाज करत घरावरून जायचा, गाद्यांचा कापूस पिंजणारा. त्याला वर बोलावलं. त्याने दर चढा सांगितला, गांधीजींनी तो दिला. त्यातून निघालेलं सूत वैष्णव मित्रांना विकलं, पवित्रा एकादशीच्या माळांसाठी. आत्मकथेत हे सगळं आहे. तेव्हा त्या घरात पैशाची देवघेव होती आणि ती लपवण्यासारखी नव्हती.

आणखी एक. ६ एप्रिल १९१९ ला रौलट कायद्याविरुद्धच्या हरताळाच्या दिवशी संध्याकाळी, गांधीजी आणि सरोजिनी नायडू मोटारीतून मुंबईच्या रस्त्यांवर बंदी घातलेली पुस्तकं विकायला निघाले. 'हिंद स्वराज'ची किंमत चार आणे, पण चार आणे देऊन गप्प बसणारे थोडेच. लोक खिशातलं होतं ते काढून देत होते. एका प्रतीला पन्नास रुपये मिळाले. तो पैसा चळवळीला गेला. ज्या माणसाने स्वतः रस्त्यात उभं राहून पुस्तक विकलं, त्याच्या घरात पुस्तकाचं काउंटर असणं हे त्याच्या कामाचंच चालू रूप आहे. जास्वंदताई, भावाला हे वाचायला द्या.

---

परळ_नाका · रविवार, सकाळी १०:५२

पिंजाऱ्याची गोष्ट माहीत नव्हती. विचार करतोय.

---

लाकडी_जिना · रविवार, दुपारी १२:३०

मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीच्या कामात आहे. दुकान हवं की नको हा प्रश्न मला नेहमी हिशेबाच्या बाजूने दिसतो.

मुंबईतलं जुनं घर म्हणजे सागाच्या तुळया, लाकडी जमिनी, चुन्याचं गिलाव्याचं काम. चार महिने पाऊस. तुळई जिथे भिंतीत शिरते तिथे ओल धरते आणि टोक आतून कुजतं, वरून रंग लावलेला असल्यामुळे दिसत नाही. आम्ही हातोडीने ठोकून आवाज ऐकतो. घट्ट लाकूड खणखणतं, कुजलेलं बद्द वाजतं. त्यात घराचं संग्रहालय झालं की भार बदलतो. पाच-सहा जणांच्या वावरासाठी केलेल्या जमिनीवर शाळेची अख्खी तुकडी एकदम उभी राहते. कापड आणि कागद यांना उजेडही मारतो आणि दमटपणाही. हा खर्च दरवर्षीचा आहे, एकदा करून संपणारा नाही. देणगी उद्घाटनाला मिळते. छताच्या गळतीला देणगी देणारा मला अजून भेटायचा आहे. काउंटरवरच्या विक्रीने सगळं भागत नाही, पण वाळवीच्या औषधाचे आणि रखवालदाराच्या पगाराचे पैसे सुटतात.

आणि सांताक्रूझ, साध्या माणसाचं घर का टिकत नाही त्याचं कारण. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर बांधली गेली. भाडेकरू वाचला, ते गरजेचंच होतं. पण मालकाने दुरुस्ती सोडली. इमारत खचली, मग पुनर्विकास. १९९५ मध्ये मुंबईत वारसा इमारतींची नियमावली आली, देशातली पहिली. त्या यादीमुळे पुष्कळ वाचलं. पण यादीत नाव येणं वेगळं आणि छत शाकारायला पैसे येणं वेगळं.

घराचं संग्रहालय करायला परवानगीही सोपी नसते, कुठेच. लंडनमध्ये बाबासाहेब विद्यार्थी असताना राहिले ते १०, किंग हेन्रीज रोड हे घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये घेतलं. तिथल्या स्थानिक कौन्सिलने राहत्या जागेचं संग्रहालय करायला नकार दिला होता. वाद वर गेला आणि २०२० च्या मार्चमध्ये परवानगी मिळाली.

---

वाडीतली_लीना · रविवार, दुपारी १:१०

गिरगावातली खोताची वाडी कुणीच कशी काढली नाही? लाकडी व्हरांडे, बाहेरून चढणारे जिने, दारात क्रूस. वाडी वसवली ती दादोबा वामन खोत या पाठारे प्रभूंनी, पुढे ईस्ट इंडियन, म्हणजे इथलीच मूळची ख्रिस्ती, कुटुंबं राहायला आली. आता निम्म्याहून जास्त घरं गेली. उरलेल्यांतल्या एकात कलाप्रदर्शनं भरतात.

आमच्या शेजारच्या आंटी उन्हाळ्यात बॉटल मसाला करायच्या. मिरच्या आणि विसावर जिन्नस उन्हात वाळवून, वेगवेगळे भाजून, मग कांडायला मसालेवाल्या बायका यायच्या. गडद रंगाच्या बिअरच्या बाटल्यांमध्ये काठीने ठासून भरायचा, हवा राहू द्यायची नाही, उजेड लागू द्यायचा नाही. वर्षभर रंग तसाच. ओळखीच्यांना त्या विकतही द्यायच्या, व्हरांड्यातूनच. तो व्हरांडा दुकान होता आणि घरही होता, कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. आता ते घर पाडलंय.

---

ठाणे_खाडी · रविवार, दुपारी १:२२

लीना, वाडीत गेल्यावर जेवायला कुठे? (विषयांतराबद्दल ओरडू नका, दुपारची वेळ आहे.)

---

वाडीतली_लीना · रविवार, दुपारी १:४०

ठाकूरद्वारला विनय हेल्थ होममध्ये मिसळ खा आणि मग पायी फिरा. वाडीत मोठ्याने बोलू नका, फोटो काढण्यापूर्वी विचारा. तिथे लोक राहतात. वारसा बघायला येणारे थेट खिडकीत मोबाइल घालतात, त्याचा आम्हाला फार त्रास होतो.

---

सदाशिव_ते_शीव · रविवार, दुपारी ३:०५

पुण्याचं राजा केळकर संग्रहालय राहिलं. दिनकर केळकरांनी आयुष्यभर फिरून वस्तू जमवल्या, अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने घरातच संग्रहालय केलं आणि पुढे राज्य सरकारला देऊन टाकलं. सांताक्रूझ आणि जास्वंद, तुम्हाला हवं ते तिथे आहे : अडकित्ते, पाय घासायच्या वज्र्या, दिवे, पानाचे डबे, स्वयंपाकाची भांडी. बायकांच्या हातातल्या वस्तू. अडकित्त्यांच्या कपाटापुढे माझी आई अर्धा तास होती. तिच्या सासूबाईंच्यासारखा एक दिसला, मोराच्या आकाराचा.

आमच्या गावच्या घरातला तसाच अडकित्ता आणि फणीकरंड्याची पेटी चुलत्यांनी भंगारवाल्याला वजनावर दिली. पेटीला आतून आरसा होता, झाकण उघडलं की तिरका उभा राहायचा. आजी त्यात बघून कुंकू लावायची, आधी मेण, मग कुंकू. नंतर चोरबाजारात मटन स्ट्रीटवर अशीच पेटी बघितली आणि भाव ऐकून पाय निघेना. म्हणून केळकरांसारख्या माणसाबद्दल मला अपार कृतज्ञता वाटते. त्यांनी ते वेळेवर उचललं.

---

आजोळ_वेंगुर्ला · रविवार, दुपारी ४:२०

केशवसुतांचं मालगुंडचं घरही सांगतो. गणपतीपुळ्याला जातातच सगळे, तिथून जवळ आहे. कोकण मराठी साहित्य परिषदेने जपलंय. तिथे कवितेचं पुस्तक विकत मिळालं तर कुणाच्या भावना दुखावतील, परळ_नाका?

---

परळ_नाका · रविवार, संध्याकाळी ६:४५

नाही दुखावणार. दुपारभर विचार केला. माझा आक्षेप आता एवढाच उरलाय : विक्री दर्शनाच्या वाटेत नको. एका ठिकाणी (नाव नको) बाहेर पडायची वाटच दुकानातून काढली आहे. खोली बघून डोळ्यांत पाणी आलेली म्हातारी बाई, आणि समोर मग आणि टोप्या. ती गोंधळून उभी राहिली, विक्रेती तिला बिल देऊ का विचारत होती. ते मला सहन झालं नाही. पुस्तकं असावीत, पण फाटकापाशी, वेगळ्या खोलीत. ज्याला जायचं तो जाईल.

---

काउंटरमागून · रविवार, रात्री ८:१५

मी एका संग्रहालयाच्या विक्री विभागात बरीच वर्षं काढली आहेत. परळ_नाका, तुमचं म्हणणं बरोबर आहे, आणि विक्रीच्या दृष्टीनेही बरोबर आहे. ढकलून आणलेला माणूस सगळ्यात स्वस्त वस्तू उचलतो आणि पळतो. स्वतःहून आलेला पुस्तक उलगडून बघतो.

वेंगुर्लेकरांच्या मताला माझी जोड : वस्तूवर करणाऱ्याचं नाव हवं. आम्ही मातीच्या पणत्यांबरोबर कारागिराचं नाव आणि गाव लिहिलेली चिठ्ठी ठेवायला लागलो, तेव्हा लोक भाव करायचे थांबले. आधी तीच पणती घासाघीस करून मागायचे. आणि शाळेच्या सहली येतात त्यांच्यासाठी वीस-पंचवीस रुपयांत काहीतरी हवंच, एखादं चांगलं छापलेलं पत्र किंवा चित्र. मुलं मुठीत चुरगळलेली नोट घेऊन येतात आणि आधी सगळ्यांच्या किमती विचारतात. त्यांना रिकाम्या हाताने पाठवू नये.

---

सांताक्रूझ_पूर्व · रविवार, रात्री ८:५०

हिटलरच्या पत्राची छापील प्रत मिळाली तर मी घेईन.

---

जास्वंद_गिरगाव · रविवार, रात्री ९:३०

भावाने पूर्ण धागा वाचला. पन्नास रुपयांच्या प्रतीवर थांबला. काउंटर जिन्यापासून लांब असेल तर चालेल, इथवर आलाय. आईचं म्हणणं, ती सुरुवातीपासून हेच म्हणत होती.

भाची आत्मकथेत पिंजारी शोधतेय. पुढच्या रविवारी राजगृह, सुट्टीत सावंतवाडी असं ठरलंय. परळ_नाका, राजगृहाला रविवारी जाता येतं का?

---

परळ_नाका · रविवार, रात्री ९:४१

आधी चौकशी करून जा, वर कुटुंब राहतं. आणि मला कळवा. तिथून परळच्या बीआयटी चाळीत नेतो तुम्हाला, राजगृहाआधी बाबासाहेब जिथे राहिले त्या खोल्यांकडे. आजोबांच्या आठवणी तिथल्याच आहेत. भाचीला सांगा, स्वयंपाक कोण करायचं हा प्रश्न तिथे विचार. रमाईंची गोष्ट मी सांगेन.